आखूड दस्ता

स्क्रूच्या डोक्यावरची खाच अगदी बंदुकीच्या नळीच्या रेषेत होती, आणि पुढच्या स्क्रूचीही तशीच — दोघांनी मिळून एकाच दिशेला तोंड करायचं ठरवल्यासारखी. ऑरिनने अंगठ्याचं नख त्या खाचेतून फिरवलं. कडा शाबूत. कुठे काही ओरबाडलेलं नाही. जुनी बंदूक घेताना आधी हे बघायचं, नळी नाही, लाकूड नाही, असं त्याचे वडील सांगायचे; स्क्रूची डोकी कुरतडलेली असली तर आतही कुणीतरी तसाच हात घातलेला असणार. इथे हात घातला असेल तर तो एल्डनने, आणि एल्डनच्या हाताने आजवर काही कुरतडलं गेलं नाही, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. ऑरिनलाही माहीत होतं. आज सकाळी मात्र ते त्याला आवडत नव्हतं.

एल्डन कुफेल कामाच्या टेबलापलीकडे स्टुलावर बसून एक पटाशी दगडावर घासत होता. वर बघत नव्हता. ज्याची वस्तू त्याने गप्प बसायचं आणि जो घ्यायला आलाय त्याने खोट काढत राहायचं — मोंटानात हा शिष्टाचारच आहे. खोट काढली नाही तर समोरच्याला वाटतं, याला वस्तू घ्यायचीच नाही.

"एल्डन!" घरातून त्याच्या बायकोची, वर्नाची हाक आली. कामाच्या खोलीची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर होत्या. "मोठं भांडं कुठे ठेवलंस?"

"होतं तिथेच!"

"होतं तिथे नाही म्हणून तर विचारतेय ना!"

"मग नसेल!"

"तुझं डोकं नाहीये होतं तिथे!"

एल्डन हसला नाही, चिडलाही नाही, नुसती पटाशी उलटी करून दुसरी बाजू घासू लागला. ऑरिनला वाटलं, या माणसाला कळत तरी असेल का? आपल्या घरी आता प्रत्येक वस्तू होती तिथेच असते. कात्री खिळ्याला, भांडं खालच्या कप्प्यात, चष्मा खिडकीत... मी ठेवतो आणि मलाच सापडतं, आणि सापडलं की त्याचा राग येतो. एल्डनपाशी सगळंच आहे. उजेडाची खोली आहे, न थरथरणारे हात आहेत, आणि भांडं कुठे ठेवलंस म्हणून ओरडणारी बाई आहे. बंदुकीत काहीतरी मोठी खोट निघावी, असं त्याला मनापासून वाटलं.

त्याने काडतूस आत ढकलणारा बोल्ट ओढून बाहेर काढला आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. गोळीला फिरवणारे आतले पीळ धारदार, स्वच्छ, तोंडापर्यंत एकसारखे गेलेले. बोल्टची घडण जुनी होती, युद्धाच्या आधीची असावी, पण नळी नवी आणि खांद्याला टेकायचा लाकडी दस्ताही नवा. जुन्या हाडावर नवं मांस. आणि फारशी उडवलेलीच नव्हती ती. चार-दोनदा नेम लावून बघितला असेल तेवढंच.

"वापरलेली म्हणालास."

"काडतूस घालून उडवली म्हणजे वापरलीच," एल्डन म्हणाला.

बाहेर पिकअपमध्ये ताडपत्रीखाली त्याच्या बायकोचं, मार्लिसचं खोगीर होतं. एल्डनच्या नातीला ते हवं होतं. पिंपांना वळसे घालायच्या शर्यतीत घोडा पळवते ती, आणि मार्लिसचं खोगीर हलकं, तिच्या बेताचं. एल्डनने पोस्टाच्या पायरीवर सहज विचारल्यासारखं विचारलं होतं — माझ्याकडे एक हलकी बंदूक पडून आहे, तुझ्या त्या दुखऱ्या खांद्याला बरी, बघ एकदा. ऑरिनने दोन हिवाळे ते खोगीर तबेल्यात खुंटीवर राहू दिलं होतं. घोडा विकला, खोगीर ठेवलं. मग या शरदात एके सकाळी त्याला तेल लावायला घेतलं आणि लक्षात आलं की चामड्याला आता नुसता तेलाचाच वास येतोय. तेव्हा तो म्हणाला, येतो.

खोगीर द्यायचं तर त्याच्या तोलाची वस्तू मिळायला हवी. एवढंच ठरवायचं होतं.

त्याने बोल्ट परत घातला, रिकामी आहे ना ते बोट घालून पाहिलं, आणि बंदूक खांद्याला लावली. अंगठ्याचं पेर सरळ नाकावर आपटलं.

"आखूड आहे!"

"कुणाला?"

"मला. तुला. कुणाही बाप्याला. अरे, शाळकरी पोरासाठी केलीस का ही? दस्ता कापला की बंदुकीची किंमत गेली, हे मी सांगायला हवं का तुला? उद्या विकायची म्हटलं तर कोण घेणार?"

एल्डनची पटाशी दगडावर थांबली. त्याच्या नाकातून हसू निघालं — आखूड, आणि ऑरिनसाठी नसलेलं. शेजारी आणखी कुणी बसलं असावं आणि त्याच्याकडे बघून हसावं, तसं.

"काय झालं?"

"काही नाही. बोल तू. अजून काय?"

अजून काय... ऑरिनने चष्मा कपाळावरून खाली ओढला. मुठीपाशी लाकडावर बारीक चौकडी कोरली होती, हात घसरू नये म्हणून. एकेक रेघ केसासारखी. आणि त्या चौकडीच्या मधून एक गुळगुळीत पट्टा तिरका खाली गेला होता. बोटभर लांब, उथळ, पन्हळीसारखा. सापडली खोट! त्याला खरंच आनंद झाला.

"इथे हात घसरला वाटतं तुझा. म्हातारा झालास, एल्डन."

ऑरिनने मूठ आवळून बघितली. तीन बोटं खाली गुंडाळली जात होती, पण तो पट्टा करंगळीजवळच्या बोटाखालून सरळ खाली जात होता आणि त्याचं बोट त्यात बसत नव्हतं, कारण त्याचं बोट वाकत होतं. हा पट्टा न वाकणाऱ्या बोटासाठी होता. एक बोट जे सरळच राहतं. कॉफीचा कप धरला की जे बाजूला ताठ उभं राहतं आणि चर्चच्या जेवणात कुणी ना कुणी म्हणतं, बघा बघा, राणीसाहेब कॉफी पिताहेत... लग्नाच्या आदल्या वर्षी वासराला फास टाकून दोर खोगिराच्या मुठीला गुंडाळताना मार्लिसचं बोट मधे सापडलं होतं. डॉक्टर म्हणाला, तुटलं नाही हेच नशीब. मार्लिस म्हणायची, एक बोट कायम दुसरीकडे दाखवतं, त्याला मी काय करू.

तो बंदुकीकडे बघत राहिला. मग लाकडाकडे. काळपट तपकिरी अक्रोड, मधून एक धुरासारखी रेघ गेलेली. ही तीच फळी, तिच्या बापाने आयोवाहून आणलेली; आमच्या गोठ्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होती. कुठे गेली म्हणून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, चर्चच्या टेबलाला दिली. चर्चचं टेबल पाइनचं आहे. मी दर रविवारी त्याच्यासमोर बसलोय, आणि मला ते पाइनचं आहे हे आत्ता, इथे, एल्डनच्या खोलीत कळलं.

दस्ता असा एका खेपेत होत नाही. ऑरिनला माहीत होतं कसा होतो. लाकूड थोडं काढायचं, माणसाला उभं करायचं, खांद्याला लाव म्हणायचं, डोळे मिटून लाव, आता उघड, काय दिसतंय? मागून कोपर धरून किंचित वर करायचं. गाल कुठे टेकतो ते पेन्सिलने खुणायचं. परत थोडं काढायचं, परत बोलवायचं. म्हणजे ती इथे उभी राहिली होती, या भुशात, पुन्हा पुन्हा, आणि या माणसाने तिचा गाल बघितला होता, हाताची लांबी मोजली होती, बोट हातात घेऊन ते कुठवर वाकतं ते बघितलं होतं. आणि घरी येऊन ती म्हणत असणार, गावात गेले होते, दोरे आणले. कपड्यांना भुसा लागला नसेल? लागला असेल. मी बघितला नसेल... नाही, बघितला असता तर विचारलं असतं. विचारलं असतं का?

हा मत्सर आहे हे त्याला कळलं, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, तेही मेलेल्या बायकोवरून, तो व्हावा याची लाज वाटली, पण लाजेने तो कमी झाला नाही.

"ही तिची आहे," तो म्हणाला.

"हो."

"तू बोलला नाहीस."

"तुला ओळखू येते का, बघत होतो."

"मला? ओळखायला मी... मी कोण आहे तिचा, परका?" आवाज चढला. "माझ्या बायकोला तू इथे बोलवायचास आणि मला पत्ता नाही!"

"मी कुठला बोलवतोय," एल्डन शांतपणे म्हणाला. "ती फळी घेऊन स्वतःच आली. दंडावरचा काळानिळा डाग दाखवला मला. म्हणाली, ऑरिनच्या काकांची बंदूक दोन्ही बाजूंनी मारते, पुढून हरणाला आणि मागून मला."

हे वाक्य ऑरिनने कधी ऐकलं नव्हतं.

डाग माहीत होता. लांब दस्ता तिच्या खांद्यात बसायचा नाही, दंडावर जायचा, तरी तिचा नेम चुकायचा नाही. दर मोसमाला एक हरिण ती आणायचीच, आणि मग आठवडाभर उजव्या कुशीवर झोपायची नाही. पण ती काकांची बंदूक जशी कारखान्यातून आली तशी होती, एक ओरखडा नाही, मूळ दस्ता, मूळ स्क्रू. ती अजून कपाटात आहे, तशीच. ती कधी विकायची नव्हतीच. तरी जो कधी येणार नव्हता त्या गिऱ्हाइकासाठी मी ती जपली. सगळेच जपतात. इथल्या कुणाचंही कपाट उघडून बघा.

"मग मला का नाही सांगितलं?"

एल्डनने पटाशी फडक्यात गुंडाळली. उगाच वेळ लावला. मग म्हणाला, "मीही हेच विचारलं. तर तुझा आवाज काढून म्हणाली, दस्ता कापला की बंदुकीची किंमत गेली! उद्या विकायची म्हटलं तर कोण घेणार? — अशी हनुवटी आत ओढून. हुबेहूब."

मघाचं ते हसू कुणाकडे बघून होतं, ते ऑरिनला आता कळलं.

"पहिल्याच मोसमात तुझ्यासमोर काढणार होती. तू एक हरिण चुकवशील त्या दिवशी. म्हणाली, त्याचं तोंड बघायचंय." एल्डनने टेबलावरचा भुसा हाताने पुसला. "मग ती आजारी पडली. नंतर मला सुचेना. आयती दिली असती तर तू घेतली नसतीस. मला कुणी दिली असती तर मी तरी घेतली असती का? म्हणून म्हटलं, अदलाबदल."

दारात वर्ना उभी होती, हातात दोन कप आणि बगलेत ते मोठं भांडं. "सांगितलंस का एकदाचं?" ती नवऱ्याला म्हणाली. "दोन वर्षं मी याच्या मागे लागलेय, ऑरिन. हा म्हणतो, वेळ येऊ दे. वेळ काय बसने येते? — आणि भांडं तुझ्याच गाडीत होतं, मेल्या, तेलाने माखलेलं."

कप ठेवून ती गेली. म्हणजे वर्नालाही माहीत होतं. या घरात, या टेबलाशी, ती दोघं बसून बोलली असतील, मार्लिस म्हणाली होती ना तसं, म्हणून... त्यांच्याकडे तिची वाक्यं होती. इतके दिवस. मी घरात रोज तीच तीच जुनी घासत बसलोय, राणीसाहेबांचं, बोटाचं, शेवटच्या आठवड्यात पाण्याबद्दल म्हणाली ते; घासून घासून ती गुळगुळीत झाली, तिचा आवाज जाऊन माझाच आवाज त्यांना चिकटला. आणि इथे, माझ्या घरापासून एका टेकडीपलीकडे, कोरी करकरीत पडून होती. या माणसाने ती वापरलीसुद्धा नाहीत.

त्याने एल्डनचा इतका द्वेष आयुष्यात कधी केला नव्हता. आणि तरी तो उठत नव्हता.

खोगीर द्यायचं की नाही, तो प्रश्न कुठेतरी बाजूला पडला होता. ही बंदूक त्याच्या कामाची नव्हती. आखूडच होती, दुसऱ्या कुणाच्या अंगाबेताने केलेली वस्तू तिसऱ्याला कधी बसत नाही, म्हणून तर अशा बंदुकांना कुणी विचारत नाही. टेकडीवर नेऊन उडवली तर रोज नाक फुटेल. हे सगळं त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने मूठ पुन्हा धरली आणि या वेळी बोट वाकवलं नाही. सरळ ठेवलं. ते त्या पट्ट्यात नीट बसलं नाही, थोडं जाड पडलं, पण राहिलं.

"मग?" एल्डनने विचारलं. "करायची अदलाबदल? नसेल तर तसं सांग, राग नाही."

ऑरिनने चापावर बोट ठेवलं. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा तर आधी मालकाला विचारायचं असतं. मालक कोण, हे त्याला क्षणभर कळेना. मग त्याने एल्डनकडे पाहिलं, एल्डनने मान डोलावली, आणि बारीकसा आवाज झाला, काडी मोडल्यासारखा.

"फार हलका आहे," ऑरिन म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला घासाघीस करणाऱ्या माणसाचा वाटला. "एवढा हलका चाप कशाला?"

"तिने मागितला."

"का? काय म्हणाली?"

एल्डनने कप त्याच्याकडे सरकवला आणि सांगायला लागला. ऑरिन ऐकत होता, शब्द न् शब्द, आणि ऐकता ऐकताच बंदूक हळूच उलटी करून, दस्त्याच्या टोकाच्या रबरी गादीपासून पुढे पुढे बोट फिरवत, पुढची खोट कुठे काढता येईल ते शोधत होता.