आईच्या पायांतलं विष

हॉलमध्ये खुर्च्या शंभर आणि माणसं दोनशे. स्टेजवर शिंप्याची बायको प्लास्टिकच्या टबात पाय बुडवून बसली होती. पायांतून विष काढून देणाऱ्या बाबांनी मूठभर ‘सिद्ध मीठ’ टाकलं, यंत्राच्या दोन पट्ट्या पाण्यात सोडल्या आणि बटण दाबलं.

“दिवा लागला की समजा, शक्ती वाहतेय!”

पाच मिनिटांत पाणी तपकिरी. बाबा टब वाचू लागले. “पिवळं लिव्हरचं. फेस नणंदेचा. तळाशी बसलंय ते मागच्या जन्मीचं.”

नणंद तिसऱ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली.

आईला घेऊन आलेल्या थोरल्या लेकीला हसू आलं असतं. पण पुढचा नंबर आईचा होता, आणि रोज या टबात बसून त्याच्याच भरवशावर आईने आठ दिवस इन्सुलिन बंद ठेवलं होतं. साखर साडेतीनशेवर. “विष पायांतून निघतंय, मग सुई कशाला?” हे तिचं वर.

थोरली पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांचे पडदे तपासायची. आज तिने कारखान्यातली बाद झालेली काचेची पेटी आणली होती. मधोमध पातळ पडदा, दोन बाजूंना दोन खण.

“बाबा, आईसाठी नवा टब.”

“श्रद्धा आहे हो पोरीची!” बाबांनी दोन्ही खणांत मीठ टाकलं.

आईचा पाय एका खणात. पट्ट्यांपैकी एक गुळगुळीत होती, दुसरी उंदराने कुरतडल्यासारखी. थोरलीने गुळगुळीत आईकडे सोडली, कुरतडलेली रिकाम्या खणात. बटण. दिवा लागला.

पाच मिनिटांनी रिकामा खण तपकिरी झाला. आईच्या खणात पायाची नखं मोजता येत होती.

“बाबा,” शिंपीकाका उठले, “त्या खणात कुणाचा पाय आहे?”

“विषाने... उडी मारली.”

“एवढी? मग त्याला स्पर्धेला पाठवा!”

“शक्ती अडलीय! पडदा काढ!”

“दिवा लागलाय की तुमचा,” थोरली म्हणाली. “हा पडदा मिठातल्या क्लोराइडला जाऊ देतो, म्हणून वीज चालते. लोखंडाला मात्र अडवतो. ते तपकिरी म्हणजे तुमच्या पट्टीचा गंज. पायाऐवजी गाजर ठेवा, तरी येईल.”

बाबांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला. आई ओल्या पायानेच दारात आडवी उभी राहिली.

“आठ दिवस तुझा गंज माझं पाप समजून रडले. आता बस इथे. तुझं विष काढ बघू!”

बाबा बसले नाहीत. खिडकी उघडी होती.

“चल गं, आधी डॉक्टरांकडे,” आई म्हणाली. “सुईला घाबरले आणि या भामट्याला नाही. उलटं करायला हवं होतं.”

चमत्कार दिसला की हात जोडावेसे वाटतात. जोडा बापडे. पण त्याआधी पाय बाहेर काढून एकदा बटण दाबून बघा.