भोपाळहून आलेला राजीनामा

दाऊदभाईंनी शिलाईचं दुकान उघडलं खरं, पण हात चालेना. दोन गिऱ्हाइकांची मापं एकमेकांत मिसळली, कात्री पायावर पडता पडता राहिली. शेवटी शटर ओढून ते श्रीरामपूरच्या एसटी स्टँडकडे निघाले.

त्यांची लेक आयेशा एसटीत कंडक्टर. नवरा उझैर नागापूरच्या कारखान्यात. तिच्या पहाटेच्या ड्युटीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हापासून ती माहेरीच होती. आणि काल भोपाळहून व्याह्यांचा फोन आला. "भाईसाहब, बहू से कहिए, राज़ीनामा कर ले. घर बसा रहे, बस."

"जी, कर लेगी," दाऊदभाई म्हणून गेले होते. तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं.

आयेशा सोनईच्या गाडीपाशी उभी होती.

"अब्बा, तुम्ही इथं? अम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे. बेटा, तुझे सासरे म्हणतात, राजीनामा दे."

आयेशाचा चेहरा तापला. तिनं तिथल्या तिथं सासऱ्यांना फोन लावला. "अब्बू, मैं राजीनामा नहीं दूँगी."

"मतलब, तुम्हें सुलह नहीं करनी?" पलीकडचा आवाज दुखावलेला. "तुम्हारे अब्बा ने तो हाँ कर दी थी."

"सुलह करनी है. नौकरी नहीं छोड़ूँगी."

"नौकरी छोड़ने को किसने कहा, बेटी?"

तेव्हा कुठं उलगडा झाला. तिकडे राजीनामा म्हणजे दोघांनी राजी होऊन भांडण मिटवणं. इकडे नोकरीवर पाणी सोडणं. सासरे खळखळून हसले. उझैर रविवारी घ्यायला येईल म्हणाले. दाऊदभाईही हसले.

आयेशा हसली नाही. "तुम्हाला तर नोकरीचंच वाटलं होतं ना, अब्बा? तरी हो म्हणालात?"

दाऊदभाईंनी टोपी काढली, परत घातली. "तुझं घर मोडू नये म्हणून..."

"मला विचारायचं तरी."

गाडी सुटायची वेळ झाली. ती चढली. दुकानात परतायला दाऊदभाईंचा पाय उचलेना. तेही मागोमाग चढले. "सोनई एक," म्हणत त्यांनी पैसे पुढे केले. तिनं तिकीट दिलं.

गावाबाहेर पडल्यावर, सगळी तिकिटं फाडून झाली तेव्हा ती शेजारी येऊन टेकली.

"चुकलो मी," दाऊदभाई म्हणाले.

"मग रविवारी उझैरला तुम्हीच सांगा. नोकरी राहणार, पहाटेची ड्युटीही राहणार."

"सांगतो."

पुढचा थांबा आला, ती उठली. जावयाला नेमकं कसं सांगायचं, ते दाऊदभाई खिडकीच्या दांड्याला धरून मनात जुळवत राहिले. सोनई येईपर्यंत एक वाक्य धड जमलं नाही.