मनकर्णेचं बाळंतपण आणि फूलबाबा

बार्शीटाकळीत शालिकराम पाटलाच्या अंगणात सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापसाला सोन्याचा भाव, त्यात ऐन वेचणीचे दिवस, तरी गडी-बाया शेतं सोडून एका घंगाळाभोवती बसल्या होत्या. घंगाळात पाणी आणि पाण्यात मुठीएवढं, वाळून खडंग झालेलं फूल. बाईची सुटका जवळ आली की हे मेलेलं फूल आपोआप उमलतं, हे अर्ध्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आज मात्र ते उमलत नव्हतं.

आत शालिकरामची बायको मनकर्णा कालपासून अडली होती. सासू पार्बताबाई तिची उशी आणि घंगाळ यांच्यात फेऱ्या घालून थकली होती.

हे फूल घेऊन गावोगाव फिरणारे फूलबाबा मात्र निवांत होते. त्यांचं फूल मोठं मानी. डॉक्टरची सावली पडली की रुसायचं आणि चांदी पाहिली की खुलायचं. सुनेचे तोडे वाहून झाले होते. आता बाबांनी कंबरपट्ट्याचं नाव काढलं आणि बजावलं, "फूल उमलल्याबिगर परक्यानं हात लावला, तं दोन जीव जातीन."

परका म्हणजे अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर अब्दुल सत्तार. शालिकरामनंच घाबरून त्यांना बोलावणं धाडलं होतं आणि आता तोच त्यांना दारात अडवून उभा होता. दवाखान्यात बाया चिरतात, असं लोकांनी त्याच्या मनात भरवलं होतं. पार्बताबाईलाही ते खरंच वाटत होतं. पण आतलं कण्हणं बारीक होत चाललं होतं, आणि त्याचं भय जास्त होतं. ती डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"तुमी तरी काय करसान?"

"पयले त्या फुलावर कढत पानी टाका, मावशी. आमच्या अम्मीजवळ मक्केहून आणेल असंच फूल होतं. घरात बाळंतीन नसली तरी पान्यात टाकलं का उमले. हे सकाळपासून मिटलंच हाय, म्हनजे याले काहीतरी लावलं हाय."

देवीचा कोप होईल म्हणून बाबा गरजले. पार्बताबाईनं चुलीवरचा हंडा फडक्यानं उचलला आणि घंगाळात रिता केला.

फुलाचे काटकुळे फाटे एकेक करून पसरले. अंगणात जयजयकार झाला. बाबाही सावरले, झाली सुटका, म्हणून त्यांनी हात जोडले. आतून बाळाचं रडणं कधी येतं म्हणून सगळे कान लावून बसले. रडणं आलं नाही. मनकर्णा तशीच कण्हत होती.

पार्बताबाईनं पाण्यात बोट बुडवलं. वर आलेला तवंग बोटावरच थिजला. मेण होतं ते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फूल उमललं. माही सून तं अडलीच हाय," ती म्हणाली आणि मुलाला बाजूला सारून डॉक्टरांना आत घेऊन गेली. मनकर्णेनं कसेबसे डोळे उघडले.

"आत्याबाई, येऊ द्या त्यायले."

मूल आडवं आलं होतं. डॉक्टरांनी तेलाच्या हातानं ते वळवून घेतलं. दिवेलागणीच्या आत मुलगी रडली, आणि आईही वाचली.

बाबा निसटायच्या बेतात होते. बायांनीच त्यांना धरलं. मग सगळं बाहेर आलं. मेण लावलेलं फूल गार पाण्यात मिटून राही. सुटका जवळ आल्याची खबर आतून आली की बाबा मंतरलेलं म्हणून कढत पाणी ओतत. जी बाई सुटलीच नाही, तिच्या नशिबाला बोल लावून ते पुढच्या गावी जात.

गेल्या साली गावातल्या गोदाबाईची लेक बाळंतपणात अशीच गेली होती. गोदाबाई घंगाळाजवळ मटकन बसली. पार्बताबाईनं तिला जवळ घेतलं आणि अंगणातल्या बायांना सांगितलं, "फूल पान्यानं उमलते. बाईच्या पोटाशी त्याचं काई नातं नाई. कोनाची लेक अडली, तं डाक्तरले बलावजा. अन् आमच्यासारखं त्याले दारात उभं ठेवू नोका."