वहिनीच्या खुर्चीचा घेर

माझा दादा शिंपी आहे, आणि शिंप्याने लाकडाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण ऐकतो कोण! मागच्या बागेत फळ्यांचा ओटा करायचं त्याने मनावर घेतलं आणि गळ्यात टेप अडकवून स्वारी कामाला लागली.

ओटा हवा होता वहिनीसाठी. अपघातानंतर ती चाकांच्या खुर्चीत असते. मागच्या दाराबाहेर पायरी, पुढे ओली माती. घटकाभर बागेत बसायचं तरी आम्हाला हाका मारायच्या, आम्ही उचलून न्यायचं, आम्हीच परत आणायचं. "मला माझ्या मनाने बाहेर जायचंय," ती एकदा म्हणाली, "आणि माझ्या मनाने आत यायचंय." दादा खाली मान घालून बटणं लावत बसला.

हिशेब त्याने जेवताजेवता मांडला. ओटा उंबऱ्याच्या उंचीला. दारापासून कुंपणापर्यंत आठ फूट, फळीही आठ फुटी. एका फळीची रुंदी फटीसकट अर्धा फूट. खुर्ची सव्वादोन फूट, वर थोडी ढील धरून तीन.

"सहा फळ्या, खाली अस्तराला दांडे. कापाकापी नाहीच!"

कोट शिवल्यासारखा अगदी अंगाबरोबर ओटा!

"अहो," वहिनी म्हणाली, "टोकाला गेल्यावर मी वळायचं कुठे?"

दादाचा घास हातातच राहिला.

"उलटी येशील की हळूहळू."

"वा! म्हणजे मागे बघायला परत तुम्हालाच बोलवायचं!"

मला राहवेना. शिवणाचा खडू आणला, खुर्चीच्या चाकांना खसाखसा चोळला, टेबल भिंतीला सरकवलं. "वहिनी, घे गिरकी!"

तिने घेतली. फरशीवर पांढरं गोल रिंगण उमटलं. दादा गुडघ्यांवर बसून मापायला लागला.

"आणि माझे पाय?" वहिनी म्हणाली. "ते चाकांच्या पुढे येतात. घरी काढून ठेवू?"

आम्ही तिघंही हसून लोळायचे बाकी राहिलो. पायांसकट पाच फूट झाले. हात मोकळे हलायला आणखी एक, म्हणजे सहा.

"मग टोकालाच रुंद करू," दादा म्हणाला.

"आणि मला अर्ध्यातूनच परतावंसं वाटलं तर?"

दादाने खडू घेऊन फरशीवरच नवा हिशेब लिहिला. सरळ बारा फळ्या. चाक घसरू नये म्हणून तिन्ही कडांना एकेक उभी, त्या तीन. एखादी चिरली तर हाताशी असावी म्हणून एक जास्त. सोळा! आकडा वहिनीने मोठ्याने वाचला आणि दादाच्या पाठीत धपाटा घातला. "आता जमलं, शिंपीबुवा!"

ओटा झाला. सुताराने फळ्या ठोकल्या, दादाने नुसती लुडबुड केली. पहिल्या दिवशी आम्ही दोघं दारात हात पुढे करून उभे, तर वहिनीने आम्हाला हाकलूनच लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा दुकानातून आला. खोलीत डोकावला, स्वयंपाकघरात डोकावला.

"अगं, ही कुठे गेली?"

अपघातापासून हा प्रश्न आमच्या घरात कुणाला विचारावाच लागला नव्हता. 

"मला काय विचारतोस? मला सांगून गेली नाही."

दादा तिथेच मटकन खाली बसला आणि हसतच सुटला.