रंगनाथ महाराजांची रक्ततपासणी

एकलहऱ्याच्या वसाहतीत १९९८ साली रंगनाथ महाराज आले आणि भुतांची रक्ततपासणी सुरू झाली. पितळी वाटीत पिवळं तीर्थ. रोग्याच्या बोटातला थेंब त्यात पडला, की महाराज आपलं बोट फिरवायचे आणि सगळं तीर्थ लालभडक, म्हणजे रक्तात भूत! गर्दी हात जोडायची. मग मंत्र म्हणत लिंबू पिळलं, की तीर्थ पुन्हा पिवळं.

"गेलं! रक्तातून निघालं!" महाराज ओरडायचे.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. माझा शेजारी वाल्मीक वीज केंद्रात कामाला होता. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येत. नाशिकच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान करून गोळ्या दिल्या, अभ्यासासाठी रक्तही घेतलं.

"मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा माग रक्तात लागतो का, गोळी कोणाला लागू पडेल हे त्यावरून कळेल का, ते शोधतोय," ते म्हणाले. "अजून खात्रीनं सांगता येत नाही."

"बघा मास्तर," वाल्मीकची आई नवसाबाई मला म्हणाल्या, "डाक्टरनं नळी भरून रगत नेलं, तरी त्याला काय कळलं नाय. महाराजांनी एका थेंबात सांगितलं!"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. भूत गेलं म्हणून नवसाबाईंनी गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात वाल्मीकला जेवणात विष दिसू लागलं. दोन दिवस त्यानं ताटाला हात लावला नाही. नवसाबाई त्याला पुन्हा महाराजांकडे घेऊन निघाल्या. त्याची बायको सविता आणि मीही गेलो.

तीर्थ लाल झालं. सविता वाटीवर वाकली.

"महाराज, ही हळद ना? हळदीच्या डागाला साबण लागला की असाच लाल होतो. जरा हात धुऊन या."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, तुमच्या बोटाची."

गर्दीत खसखस पिकली. महाराजांना हात धुवावे लागले. सवितानं नव्या तीर्थात स्वतःच्या रक्ताचा थेंब टाकला. महाराजांनी बोट फिरवून फिरवून पाहिलं. वाटी पिवळी ती पिवळीच. मग मी नवसाबाईंच्या पानाच्या चंचीतला चुना बोटाला लावून फिरवला. वाटी लालभडक. लिंबू पिळलं, पिवळी.

नवसाबाई बघतच राहिल्या. "म्हंजी माझ्या चंचीतबी भूत हाय का?"

त्याच दिवशी वाल्मीकला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आवाज हळूहळू विरले आणि तीन महिन्यांनी तो कामावर गेला.

हळद, चुना, लिंबू तुमच्याही घरात आहे, करून बघा. पण आजारी माणसाच्या गोळ्या कोणाच्या मंत्रावर बंद करू नका. डॉक्टर "अजून खात्री नाही" म्हणाले, तर ते खरं बोलताहेत. त्यांनाच आणखी विचारा.