पुढच्या हिवाळ्याचं लाकूड

"काका, हे लाकूड कोरडं आहे, की रात्रभर नदीत भिजत घातलं होतं?"

यास्नाने विचारून टाकलं. पैजेत ठरलं होतं तस्संच: मोठ्याने, एका दमात, हसू न येऊ देता. मागे बसथांब्याच्या काचेआड तामारा आणि मारिबेल एकमेकींच्या कोटात तोंडं खुपसून उभ्या होत्या.

एलिसेओ पिकअपच्या हौद्यात उभा राहून बेकरीच्या दारात लाकडं टाकत होता. त्याचा हात हवेतच थांबला. अख्ख्या कोयाइके गावात एलिसेओला लाकडाबद्दल शंका विचारायची सोय नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, तर म्हणे त्याने उतरवलेला सगळा माल परत गाडीत भरला आणि त्या घराला आजतागायत एक काटकी दिली नाही. म्हणून तर पैज होती.

तो खाली उतरला. राशीतल्या दोन फोडी उचलून त्याने यास्नाच्या नाकासमोर एकमेकींवर आपटल्या. टण्ण.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"न्यिरेच्या झाडाचं लाकूड आहे हे. दोन उन्हाळे वाळवलेलं. भिजलेलं बघायचं असेल तर स्वतःच्या घरी जा. ओस्वाल्दोची ना तू? उतारावरच्या निळ्या घरातली?"

"हो, पण आमचं..."

"तुमच्या धुराड्यातून निघतं त्याला धूर म्हणत नाहीत, पोरी. अंघोळीचं पाणी उकळतंय असं वाटतं. गेल्या एप्रिलात आणि या एप्रिलात, हिवाळा तोंडावर आलेला असताना, तुझा बाप सगळ्यांच्या शेवटी आला आणि ओलं उरलं होतं तेच घेऊन गेला. आधी नव्हता असा. यंदाचं घरात असायचंच, वर पुढच्या हिवाळ्याचं भरायचा. आता म्हणतो, पुढचं नको."

"नको? का?"

"ते त्याला विचार. मी लाकूड विकतो, बातम्या नाही."

आणि तो परत हौद्यात चढला.

"विचारलं! हिनं खरंच विचारलं!" तामारा थांब्यातून नाचतच बाहेर आली. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही यास्नाचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. यंदा मार्चमध्ये शाळा उघडल्यापासून तिला काय झालं होतं कोण जाणे, तिला आपला आवाज सापडला होता आणि ती तो जिथेतिथे वापरून बघत होती.

"काय म्हणाला म्हातारा?"

"काही नाही."

"मग तोंड असं का झालंय? चुलीत पडल्यासारखं?"

"पुढची पैज मुख्याध्यापिकेची," मारिबेल म्हणाली. "विचारायचं, केस रंगवता का."

एरवी यास्ना आत्ताच्या आत्ता शाळेकडे वळली असती. पण ती दप्तर सावरत उतार चढायला लागली होती.

घरामागच्या छपरीत लाकडांच्या दोन भिंती असायच्या. पुढची यंदाची, मागची पुढच्या वर्षाची. पुढची जळून संपली की मागचीची पाळी यायची, आणि मोकळ्या जागेत नवं ओलं लाकूड रचलं जायचं, वर्षभर वाऱ्यावर वाळायला. हे यास्नाला कुणी शिकवलं नव्हतं. आठवड्याला सात वार असतात, तसं ते होतं. आणि तरी गेली दोन वर्षं मागच्या भिंतीच्या जागी बिघडलेलं वॉशिंग मशीन, बटाट्यांची पोती आणि तिची लहानपणीची सायकल उभी होती, आणि तिला ते खटकलंच नव्हतं. जागा रिकामी राहिली असती तर कदाचित दिसली असती.

तिने पुढच्या राशीतल्या सहा फोडी काढून पायरीवर मांडल्या. भांड्यांचा पातळ साबण आणला, प्रत्येकीच्या एका टोकाला फासला, आणि गुडघ्यांवर बसून दुसऱ्या टोकाने फुंकायला लागली. लाकूड वाळलेलं असेल तर हवा आरपार जाते आणि साबणाचे बुडबुडे येतात. पहिलीला काही नाही. दुसरीला काही नाही. पाचवीपर्यंत तिचे गाल दुखायला लागले. सहावीच्या टोकाला एक थेंब आला, पण तो साबणाचा नव्हता, पाण्याचा होता.

"वाढदिवस कुणाचा आहे?" मागून पप्पांचा आवाज आला. "मेणबत्त्या एवढ्या जाड कशाला आणल्यास?"

"पप्पा, हे ओलं आहे."

"एप्रिलात सगळंच ओलं असतं."

"एलिसेओकाकांनी आज बेकरीत टाकलेलं नव्हतं. आणि ते म्हणाले, तुम्हाला पुढच्या वर्षाचं नकोय."

पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू राहिलं तिथेच, पण आतून कुणी तरी दिवा मालवल्यासारखं. त्यांनी हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या, मग पुन्हा बाहेर काढल्या.

"आत चल. तुझ्या आईने पाव केलाय."

आत लोखंडी चूल कुरकुरत होती. आईने माटेच्या कडू चहाचं भांडं भरलं, नळी पप्पांकडे केली, आणि खोकला आला तशी टेबलाची कड धरून उभी राहिली, जणू टेबल कुठे पळून जाणार होतं. खोकला थांबेपर्यंत दोघंही दुसरीकडे बघत राहिली. घरात आता तशी सवयच झाली होती.

मग पप्पांनी सांगितलं. आरिका. देशाच्या पार उत्तरेचं, वाळवंटातलं शहर. तिथे त्यांच्या चुलतभावाचं टायरचं दुकान होतं, हाताखाली माणूस हवा होता. डिसेंबरात यास्नाची शाळा संपली की निघायचं. घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

"आईच्या छातीसाठी," ते म्हणाले. "तिकडे कुणाच्या घरात चूलच नाही. गरजच पडत नाही. रोज ऊन."

"चूल नाही तर माणसं बसतात कशाभोवती?"

"यास्ना."

"नाही, खरंच विचारतेय. आई, तू ठरवलंस हे?"

आई पावाचे तुकडे करत होती. तिघांना पुरून उरतील एवढे झाले होते, तरी करत होती. "डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा."

"मी ते नाही विचारलं."

"झालं तर मग," पप्पा म्हणाले, आणि माटे संपल्याचा आवाज येईपर्यंत नळी ओढत राहिले.

शनिवारी सकाळी यास्ना एलिसेओच्या वखारीच्या फाटकात उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात पप्पांचे जुने हातमोजे, तेही दोन्ही डाव्या हाताचे.

"काका, मला काम द्या. पैसे नकोत. लाकूड द्या."

"तुझ्या बापाने पाठवलं?"

"माझ्या बापाला कळलं तर तो तुमच्याशी भांडायला येईल."

हे उत्तर एलिसेओला आवडलं असावं, कारण त्याने फाटक उघडलं. "फोडता येतं?"

"येतं."

येत नव्हतं. पहिल्या घावाला कुऱ्हाड ओंडक्यात रुतली आणि ती ओंडक्यासकट कुऱ्हाड उचलून आपटत राहिली. एलिसेओने खोक्यावर बसून हे सगळं सिगारेट संपेपर्यंत पाहिलं.

"त्याने तुझं काय वाकडं केलंय? मारामारी नको करूस. त्याला उकलायचंच असतं, फक्त कुठून ते बघ. ही बारीक चीर दिसते? तिथे. आणि डोळे मिटू नकोस. पाद्रीबाबा डोळे मिटतात, लाकूडतोडे नाही."

चौथ्या ओंडक्याला तो आवाज आला. कोरडा, स्वच्छ, एकाच घावाचा. दोन्ही फोडी दोन बाजूंना पडल्या आणि आतलं गुलाबी, गाईच्या जिभेसारखं ओलं लाकूड वाफाळलं. यास्ना इतक्या जोराने ओरडली की वखारीतली कुत्री भुंकायला लागली.

"एक झालं," एलिसेओ म्हणाला. "अजून चारशे आहेत. नंतर ओरड."

सौदा असा ठरला: शनिवारचा दिवसभर फोडायचं आणि रचायचं, बदल्यात अर्धा मीटर, म्हणजे अर्धा घनमीटर लाकूड. एक शनिवार चुलीसाठी कोरडं, दुसरा शनिवार भिंतीसाठी ओलं. रचायलाही त्याने शिकवलं. दोन फोडींमध्ये बोट जाईल पण मूठ जाणार नाही एवढी फट. कोपऱ्यांना आडव्या-उभ्या फोडींचे खांब. तिसऱ्या शनिवारी तामारा आणि मारिबेल बघायला आल्या, फाटकावर चढून बसल्या.

"यास्ना, तुझ्या हाताला काय वास येतोय! कुणी मुलगा हात धरणार नाही तुझा."

"धरला तर फोड येतील त्याला," यास्ना म्हणाली, आणि पुढचा ओंडका ठोकळ्यावर ठेवला.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. शनिवारी कुठे असतेस, असं पप्पांनी एकदा विचारलं. तिने तळहात उलटे करून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, गटाचा अभ्यास. आईने तळहात पाहिले होते. दुसऱ्या दिवशी यास्नाच्या उशीखाली मलमाची डबी आली.

मेच्या मध्यावर, एका रविवारी दुपारी, एलिसेओची पिकअप निळ्या घरासमोर थांबली. पप्पा बाहेर आले.

"मी काही मागवलं नाही."

"तू नाहीच मागवलंस," एलिसेओ हौद्याची फळी पाडत म्हणाला. "मला पुढच्या वर्षाचं नको म्हणणाऱ्या माणसाला मी कशाला विकू? हे तिने कमावलंय. एक मीटर कोरडं, एक ओलं. बाजूला हो, पाय मोडेल."

त्याने सगळं भराभर रस्त्यावर टाकलं, कुणाला नमस्कार न करता गाडीत बसला आणि निघून गेला. रस्त्यावर दोन राशी राहिल्या, आणि त्यांच्यामध्ये बाप आणि लेक.

यास्ना ढकलगाडी घेऊन आली. छपरीतून आधी पोती काढली, मग सायकल. वॉशिंग मशीन एकटीने हलेना. तिने ते खांद्याने रेटत रेटत, जमिनीवर दोन ओरखडे उठवत बाहेर आणलं. पप्पा बघत होते. मदत केली नाही, थांबवलंही नाही. ओल्या फोडींची पहिली ओळ मागच्या बाजूला लागली. मग दुसरी. एक मीटर लाकूड म्हणजे काहीच नव्हे. ती भिंत गुडघ्याच्या वर जाणार नव्हती.

"डिसेंबरात आपण इथे नसणार," शेवटी पप्पा म्हणाले. "हे कोण जाळणार? घर घेणारा?"

"पप्पा, आईचा खोकला कधी सुरू झाला?"

"तुला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात."

"आणि आपलं वाळलेलं लाकूड कधी संपलं?"

पप्पांनी रस्त्यावरची एक फोड उचलली. कुसळ काढायचं असल्यासारखा तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुसळ नव्हतं.

"त्याच्या आदल्या हिवाळ्यात," ते लाकडालाच म्हणाले. "रस्त्याचं काम सुटलं तेव्हा मला वाटलं, सहा महिन्यांत निघू. जायचंय तर पुढच्या वर्षाचं लाकूड कुठला शहाणा भरतो?"

"आणि आपण गेलोच नाही."

"नाही गेलो."

"आणि जे मिळालं ते ओलं जाळत बसलो. सगळ्या दारंखिडक्या बंद करून. आईसमोर."

हे वाक्य तिला एवढ्या मोठ्याने म्हणायचं नव्हतं. शेजारच्या कुंपणावरची कोंबडी उडाली. पप्पांच्या हातातली फोड खाली पडली, आणि ते तिच्याकडे पहिल्यांदाच असे बघत होते, जणू ती रस्त्यातली कुणी अनोळखी बाई होती आणि तिने त्यांना नावाने हाक मारली होती.

मागच्या दारात आई उभी होती. खांद्यावर शाल, हाताला पीठ. किती वेळ उभी होती, कुणालाच कळलं नाही.

"नेल्दा, आत जा. गारठा आहे."

"गारठ्याने मला काही होत नाही, ओस्वाल्दो," आई म्हणाली. "गारठ्याने कधीच नाही झालं."

ती छपरीत आली. यास्नाने रचलेल्या ओळीकडे तिने डोकं तिरकं करून पाहिलं, वाकली, आणि वरची एक फोड उचलून उलटी ठेवली.

"साल वर. वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो इथे. पाणी मुरतं नाहीतर."

मग दुसरी उलटी केली. मग तिसरी. पिठाचे ठसे सालींवर उमटत गेले. पप्पांच्या पायाशी फोड पडली होती, ती ते ना उचलत होते, ना ओलांडत होते.

यास्नाने ते दोन्ही डाव्या हाताचे हातमोजे काढले आणि कमरेच्या पट्ट्यात खोचले. वर्गात कविता म्हणायला उभी राहायची तशी ती उभी राहिली, पाठ ताठ, हात बाजूला. फक्त आज आवाज पोचेल की नाही, याची तिला जराही शंका नव्हती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "पप्पा, आई, दोघांनीही ऐका. हे लाकूड पुढच्या हिवाळ्याआधी पेटणार नाही, आणि पुढच्या शनिवारी अजून येणार आहे. ते वाळून जळेपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्ही दोघं कुठे असणार, ते तुम्ही ठरवा."