स्वागताचा फ्लेक्स

कुंदनच्या मानवी हक्क संघटनेत माणसं तीन, त्यातला एक फोटोपुरता. म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या नूरुलच्या कुटुंबाला मोठ्या मिनतवारीने पनवेलजवळच्या कोन गावात खोली मिळाली, तेव्हा आनंदाच्या भरात कुंदनने कुठलाही पनवेलकर करेल तेच केलं. नाक्यावर फ्लेक्स लावला. ‘निर्वासित बंधू नूरुल यांचे हार्दिक स्वागत!’ नूरुलचा फोटो छोटा, कुंदनचा मोठा.

संध्याकाळी घरमालक बुधाजी आले. “आरं, गुपचूप ठेवाचं ठरलेलं ना? आता आख्खा गाव दारात हाय. खोली नाय जमाची.”

नूरुलने सामान बांधलं. कुंदन फ्लेक्स उतरवायला गेला, तर नूरुल मागे आला.

“भाईसाब, ये मैं ले जाऊँ? छत के काम आएगा.”

कुंदनने घडी घातली, स्वतःचा चेहरा आत जाईल अशी.